भुईपासून हातभर वर

कौशल्याबाईला भुईचं वावडं आहे, असं गावात म्हणत. शेतकऱ्याच्या घरची बाई आणि तिला भुईचं वावडं! हसायला लोकांना एवढं पुरे होतं. तिच्या घरात जाऊन भुईला हात लावून मात्र कोणी पाहिलं नाही. पाहिलं असतं तर हात ओला झाला असता.

साकोलीहून जंगलाकडे जाणाऱ्या रस्त्यावर ते गाव. गावाला मोठा तलाव, आणि तलावाच्या पाळीच्या, म्हणजे मातीच्या बांधाच्या, अगदी पायथ्याशी गोमाजीचं घर. कौशल्याबाई ही गोमाजीची बायको. वाटणी झाली तेव्हा गोमाजीचा थोरला भाऊ यादोराव याने वरच्या अंगाचं कोरडं घर स्वतःला ठेवलं, खालचं धाकट्याला दिलं, आणि वर "तुले पाणी जवळ पडते" अशी समजूतही घातली. पाणी जवळ होतंच. पावसाळ्यापासून पार संक्रांत उलटेपर्यंत ते पाळीखालून झिरपत यायचं आणि गोमाजीच्या घरात वर फुटायचं. कौशल्याबाई सकाळी सारवायची, दुपारी ती जमीन पुन्हा काळी पडायची. चुलीपुढं पोतं टाकून बसावं, तर भाकरी होईस्तोवर लुगडं मागून ओलं.

याच घरात, भर श्रावणात, तिचं बाळंतपण झालं. पोरगी पाचवी पुजायच्या आतच गेली. कौशल्याबाईच्या छातीत घरघर बसली ती कायमची, आणि पुढं मूल काही झालं नाही. दर हिवाळ्यात तिला दम लागायचा. ओठ निळे पडायचे, डोळे वर जायचे, भात शिजताना झाकणाखाली होतो तसा आवाज छातीतून यायचा. नवं माणूस पाहील तर म्हणेल, संपलं आता. पण गोमाजी तिच्या पाठीमागं बसून तिला छातीशी टेकवून धरायचा, पाठ चोळत राहायचा. अर्धा दिवस असा जायचा. मग घरघर हळूहळू उतरायची, ती डोळे उघडायची आणि म्हणायची, "काळा चहा देता का जी?" काळा चहा मागितला की गोमाजी समजायचा, यंदाचं संकट टळलं.

तिला दम्याची तेवढी भीती नव्हती. भीती होती ती भुईची. तिची आई आंधळगावला वारली तेव्हा ती जवळ होती. रीतच आहे, माणूस जायला लागलं की त्याला खाटेवरून उचलून सारवलेल्या भुईवर ठेवतात, म्हणजे जीव अधांतरी जात नाही. आईला ठेवलं तेव्हा आईचा श्वास चालू होता. कौशल्याबाई तिचे पाय चोळत होती. पाय बर्फासारखे गार होते, आणि ते मरणानं गार झाले की भुईनं, हे तिला शेवटपर्यंत कळलं नाही. सासरी परत आल्यावर तिनं गोमाजीला सांगितलं, "मले खाली नोका घेऊ जी. कोणी काही म्हणो. मले भुईवर नोका ठेवू."

"बरं," गोमाजी म्हणाला.

त्याचं सगळं बोलणं असंच, एका शब्दाचं. माणूस साधा, कष्टाळू, हाताचा कसबी. धानाचं शेत होतं, आणि हिवाळ्यात जंगलात लाकडाच्या कामावर जायचा. जगात कोणाला भ्यायचा नाही, फक्त थोरल्या भावाला सोडून. दादासमोर उभा राहिला की याची जीभ टाळूला चिकटायची. लहानपणी चिकटली ती चिकटलीच, आणि यादोरावनं ती सुटू दिली नाही.

घरात खाट होती, नाही असं नाही. पण खाटेवर माणूस झोपतं. चूल, निवडण-टिपण, भाजी चिरणं, सगळं जगणं भुईवरच. आणि थंडीत खाटेखालून वारा लागायचा तो वेगळाच.

एका साली, सत्तरच्या पुढचंच काहीतरी साल असेल, कापणी झाल्यावर गोमाजी धानाची कोठी भरत होता. खाली दगड मांडले, दगडांवर लाकडं टाकली, लाकडांवर तनस, म्हणजे मळणीनंतरचा धानाचा पेंढा, चांगला वीतभर दाबून बसवला. कौशल्याबाई दारात उभी राहून पाहत होती.

"धानाले ओल लागू नये म्हून खाली गोटे, गोट्यावर लाकडं, लाकडावर तनस," ती म्हणाली. "येवढी सोय धानाची. एखाद्या साली मलेही कोठीतच भरून ठेवा जी, धानासंगं."

"हासून राहिली का बोलून राहिली?"

"दोन्ही करून राहिली."

त्या दिवशी गोमाजी जेवता जेवता थांबला. एवढी साधी गोष्ट आपल्याला इतकी वर्षं सुचली नाही, याची त्याला मनापासून लाज वाटली.

दुसऱ्या दिवसापासून अंगणात काड्या मांडून खोलीचा नमुना जुळवणं सुरू झालं. अंगणाची वरची कड जरा उंच होती. तिथं एक खोली, लहानशीच, पण मातीची नाही. मातीची भिंत खालून पाणी ओढते. ओंडक्यांची खोली, एकावर एक आडवे ओंडके रचून, कोपऱ्यात खाचा पाडून एकमेकांत बसवलेले. अशी एक खोली जंगलात साहेब लोकांसाठी बांधली होती, तिच्या कामावर गोमाजी होता. तिची फळ्यांची जमीन भुईपासून उंच होती, पण पौषात तिच्यावर पाठ टेकली तर खालून वारा असा यायचा, की त्यापेक्षा भुई परवडली. म्हणजे नुसतं वर उचलून भागत नाही. खाली पोटात काहीतरी भरलं पाहिजे, कोठीसारखं. पण कोठीतलं धान वर्षभरात संपतं, माणसाला तिथं आयुष्य काढायचं असतं. गोमाजी काड्या मांडायचा, मोडायचा, कौशल्याबाईला बोलवायचा. ती कमरेवर हात ठेवून म्हणायची, "अन् उंदरं कोठून येतीन ते बी दाखवा."

गावकऱ्यांना निस्तारात, म्हणजे सरकारी जंगलातून घरवापरापुरतं, हक्काचं लाकूड मिळायचं. ते एका साली जेवढं मिळालं तेवढंच काम त्या साली. भिंतीला ऐनाचे ओंडके. खाली दर दोन हातांवर सपाट दगड, दगडावर डांबर फासलेला बुटका खांब, खांबांवर बिजाच्या तुळया, कारण बिजाला वाळवी सहसा लागत नाही. भुईपासून तुळईपर्यंत मोकळी जागा हातभर. तुळयांना खालच्या अंगानं हलक्या लाकडाच्या फळ्या ठोकल्या, म्हणजे दोन तुळयांच्या मधे लांब पेट्या तयार झाल्या. त्या पेट्यांत तनस भरली आणि वरून चांगल्या रंधा मारलेल्या फळ्या बसवल्या.

तनशीत राहिलेल्या दाण्यांच्या वासानं पहिल्याच हिवाळ्यात उंदीर आले. "खाली बाजार भरला जी," कौशल्याबाई फळीला कान लावून म्हणाली. "भाव काय चालू आहे, विचारू काय?" गोमाजीनं सगळ्या फळ्या उचकटल्या. मग साकोलीच्या राइस मिलमधून बैलगाडीनं कोंडा, म्हणजे धानाची नुसती टरफलं, आणला. कोंड्यात उंदरांना खायला काही नव्हतं, पण तो दबत गेला, फटींतून गळत गेला, आणि पावसाळ्यात हवेतली ओल पिऊन जड झाला. पुन्हा फळ्या उचकटल्या. तिसऱ्या खेपेला त्याला युरियाची पोती सुचली. त्या पोत्यांच्या आत प्लास्टिकची पिशवी असायची. ती धुऊन वाळवायची, उन्हात कडक केलेला कोंडा आणि कडुनिंबाचा वाळका पाला तिच्यात ठासायचा, तोंड बांधायचं आणि उशीसारखी चपटी करून पेटीत बसवायची. एकाला एक लागून, बोट शिरणार नाही अशी. गावातल्या प्रत्येक शेतकऱ्याकडून त्यानं पिशव्या मागून आणल्या. लोकांनी दिल्या आणि पाठीमागं हसले. खालच्या मोकळ्या जागेला तीन बाजूंनी बांबूचे तट्टे लावले. थंडीत बंद, उन्हाळ्यात काढून ठेवायचे. एका कोपऱ्यात जाड मातीचा थर देऊन चूल मांडली.

पारख कौशल्याबाईनं केली. खालच्या घरात भुईवर पापड ठेवला तर घटकाभरात तो चिंधीसारखा लोळायचा. तिनं संध्याकाळी नव्या फळ्यांवर एक पापड ठेवला आणि त्याच्या शेजारीच झोपली. सकाळी उठून तिनं तो उचलला आणि मोडला. तो कडकन मोडला. अर्धा तिनं गोमाजीला दिला, अर्धा आपण खाल्ला. त्या सकाळी गोमाजीएवढा सुखी माणूस गावात नव्हता, आणि असं म्हणायला पुन्हा कधी कारण झालं नाही.

"गोमाजीनं बायको कोठीत भरली," असं गाव म्हणायला लागलं, आणि त्या खोलीचं नाव कोठीच पडलं. पण हसणाऱ्यांच्याच बायका दुपारी सूप घेऊन तिथं तांदूळ निवडायला येऊन बसायच्या. यादोरावची बायको आनंदाबाई तर रोज. पाय लांब करून म्हणायची, "तुझ्या इथं बसलं का पाय कसे गरम राहातेत वो कौशल्या!" कौशल्याबाईला तेव्हा जो आनंद व्हायचा तो तिच्या तोंडावर दिसायचा. आयुष्यभर जिच्या घरात कोणी टेकलं नाही, तिच्याकडे आता माणसं उठायचं नाव घेत नव्हती.

दम गेला नाही. छाती एकदा धरली ती धरली. पण वर्षातून एखाददुसऱ्या वेळीच यायचा आणि उतरायचा. काळा चहा व्हायचा. अशी बरीच वर्षं गेली.

आणि इथंच गावाचं डोकं चालायला लागलं. एवढी मोडकी बाई, दर हिवाळ्यात मरायला टेकते आणि मरत नाही, हे कसं? ती कोरड्या, गरम जागी राहते म्हणून जगते, असं कोणाच्या मनातही आलं नाही. आनंदाबाईनंच पहिल्यांदा म्हटलं असावं, आणि वाईट हेतूनं नव्हे. तिच्याखाली भुई नाही. भुईला पाठ लागत नाही म्हणून जीव सुटत नाही, अडकून पडतो बिचारीचा. हे बोलणं विहिरीवर गेलं, पाळीवर गेलं, आणि परत आलं तोवर ते सगळ्यांना आधीपासून ठाऊक असलेलं सत्य झालं होतं.

त्र्याऐंशीच्या आगेमागे, पौषात, संक्रांत जवळ आली असताना कौशल्याबाईला दम लागला. आभाळ भरून आलेलं, वारा झोंबत होता. नेहमीपेक्षा जोर जास्त होता, हे खरं. गोमाजी तिला छातीशी धरून पाठ चोळत बसला होता. दुपारी आनंदाबाई सूप घेऊन आली, तिनं ते निळे ओठ पाहिले आणि सूप तिथंच टाकून पळाली. थोड्या वेळानं यादोराव चार माणसं घेऊन दारात उभा राहिला.

"गोमा, घे तिले खाली."

"दादा, तिचं असंच होते. उतरते थोड्या वेळानं."

"मागच्या साली असंच, त्याच्या मागच्या साली असंच. उतरते कायचं? जीव अडकून राहिला तिचा. खाली भुईच नाही, तं जाईन कसा?"

"तिनं मले सांगतलं हाये. खाली नोका घेऊ म्हून."

"बाईमाणूस काहीही सांगते. लाकडावर मेली तं गती कोण देईन? तू देशीन?"

आनंदाबाई रडत होती. अगदी खरं रडत होती. "भाऊजी, काहून तिचे हाल करून राहिले? सोडा ना तिले आता," ती म्हणाली.

गोमाजीनं बायकोच्या तोंडाकडे पाहिलं. ही घरघर त्याच्या ओळखीची होती. तिचा चढ त्याला ठाऊक होता, उतार ठाऊक होता. पण सगळी माणसं एकच म्हणत असली की आपल्या ओळखीचंही अनोळखी वाटायला लागतं. आपणच तर हिला अडकवून ठेवलं नाही? आपण मांडलेल्या फळ्यांवर ही इतकी वर्षं मरणाची वाट पाहत पडली नाही ना? हा विचार एक क्षणच आला असेल. त्या एका क्षणात यादोराव म्हणाला, "धर तिचे खांदे," आणि गोमाजीनं धरले.

तिला खालच्या जुन्या घरात नेलं. आनंदाबाईनं आधीच घाईघाईनं सारवून ठेवलं होतं. त्या ओल्या सारवणावर, पाळीखालच्या त्या काळ्या भुईवर, तिला आडवं केलं. तोंडात गंगाजळ घातलं, तुळशीचं पान ठेवलं. बायका भोवती बसल्या.

दिवस मावळायच्या सुमारास घरघर उतरली. नेहमीसारखीच. कौशल्याबाईनं डोळे उघडले, तोंडातलं तुळशीचं पान जिभेनं बाहेर काढलं आणि म्हणाली, "काळा चहा देता का जी?"

"शेवटची इच्छा झाली वो!" आनंदाबाई ओरडली, आणि बायकांनी हुंदके दिले.

त्या सगळ्या घोळक्यात या शब्दांचा अर्थ एकट्या गोमाजीला कळत होता. त्यानं स्वतः चहा केला. ती सगळा प्यायली. मग तळवा टेकून उठायला गेली, आणि तळवा तिथंच थांबला. तिनं तो वर करून पाहिला. मग वरचे काळे वासे पाहिले, भोवतीच्या बायका पाहिल्या, आणि शेवटी नवऱ्याकडे पाहिलं.

"गार हाये जी," ती म्हणाली. "वर न्या मले."

गोमाजी बाहेर यादोरावकडे गेला. "दादा, ती वाचली. वर नेतो तिले."

"येडा झाला काय? भुईवर घेतलेलं माणूस पुन्हा वर नेत नाही कोणी. घरावर येते. तुले तं पोरं नाहीत, माह्या पोरांवर येईन."

गोमाजी परत आला. त्यानं तिच्याखाली तनस पसरली, तिच्यावर घोंगडं घातलं, घोंगड्यावर गोधडी घातली. सकाळपर्यंत तनस चिंब झाली. तिला ताप भरला. आता ही नेहमीची घरघर नव्हती. हा आवाज खोलवरून, ओला येत होता. तो गोमाजीच्याही ओळखीचा नव्हता.

दुसऱ्या दिवशी तो वर कोठीत गेला. चुलीजवळची एक फळी उचकटली आणि आतली एक पिशवी काढली. एवढ्या वर्षांनीही कोंडा आत खुळखुळत होता, कोरडा. अशा आठ-दहा पिशव्या तिच्या पाठीखाली घातल्या तरी पुरे होतं. वर नेलंच नाही, मग कोणाच्या पोरांवर काय येणार होतं? पिशवी उराशी धरून तो अंगणात आला. जुन्या घराच्या दारात यादोराव बाजेवर बसला होता. त्यानं पिशवीकडे पाहिलं, मग भावाकडे पाहिलं. "भुई अन् तिच्या मधात काही घालू नको, गोमा," एवढंच म्हणाला. तो उठलासुद्धा नाही. गोमाजीचे हात कोणी धरले नव्हते. त्याच्यात एवढं बळ होतं, की ऐनाचा ओंडका तो एकटा खांद्यावर घ्यायचा. तो अंगणात उभा राहिला, आणि मग मागं वळला. पिशवी जिथं होती तिथं पुन्हा नीट बसवली, वर फळी ठेवली आणि खिळे ठोकले.

खाली आला तेव्हा कौशल्याबाई जागी होती.

"काय ठोकून राहिले होते जी?" तिनं विचारलं.

"फळी ढिली झाली होती," गोमाजी म्हणाला.

तिनं त्याच्याकडे नुसतं पाहिलं. मग तोंड भिंतीकडे फिरवलं. त्यानंतर ती कोणाशीच बोलली नाही, आणि संक्रांतीच्या आदल्या दिवशी गेली.

"पाहिलं?" गाव म्हणालं. "भुई लागली अन् जीव सुटला." गोमाजीचं कौतुक झालं. बायकोवर एवढी माया, पण रीत मोडली नाही, शहाणा माणूस. लोक अंगणात यायचे, ओणवे होऊन कोठीच्या खाली पाहायचे, माना डोलवायचे.

वर्षभरानं यादोराव म्हणाला, "जागा रिकामी राहिली तं खराब होईन. माह्या इथं कोठ्या भरल्या, जरा धान ठेवू काय तुझ्या खोलीत?"

"ठेव," गोमाजी म्हणाला.

अशी कौशल्याबाईच्या फळ्यांवर धानाची पोती आली, छतापर्यंत. गोमाजी खालच्या घरात राहायला गेला. खाट त्यानं देऊन टाकली. जिथं तिला ठेवलं होतं तिथंच, नुसत्या भुईवर, तनससुद्धा न घालता तो झोपायचा. पावसाळ्यात त्याचं धोतर पाठीमागं सदा काळपट ओलं असायचं. काही लोकांना वाटलं, म्हाताऱ्याला वैराग्य आलं. कोणी विचारलंच, काहून असा झोपतोस, तर म्हणायचा, "सवय करून राहिलो." त्याच्या छातीतूनही पुढं घरघर यायला लागली. चोळायला पाठीमागं कोणी नव्हतं.

काही वर्षांनी असाच पौष होता. सकाळी आनंदाबाई भाकर द्यायला गेली, तिनं पाहिलं आणि हाक मारली. यादोराव आता काठी टेकत चालायचा. तरी तो तातडीनं आला, मागून चार माणसं आली. "घ्या, घ्या त्याले खाली," तो दारातूनच ओरडला. माणसं आत गेली आणि उभी राहिली. खाली घ्यायला काही उरलंच नव्हतं.

पिंडाला तांदूळ कांडायला धान हवं होतं. यादोराव स्वतः वर कोठीत गेला, एका पोत्याचं तोंड सोडून चार दाणे दाताखाली धरले. दाणा कडकन फुटला.

"कोरडं हाये," तो म्हणाला.